पाव मिलिमीटरचा इतिहास

जहाजांच्या इतिहासात सगळं काही असतं. आरमारप्रमुखांची नावं असतात, तोफांची मोजदाद असते, कोणी कोणाला कुठे बुडवलं याच्या तारखा असतात. नसतो तो फक्त खिळा. आता खिळ्याने असा काय इतिहास घडवला, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे! पण एकदा लाकडी जहाजाची हुबेहूब प्रतिकृती करायला बसा. फळ्या मिळतात, शिडाला कापड मिळतं (भिवंडीत तर कापड सोडून दुसरं काही मागायचीच चोरी), अडतं ते खिळ्यापाशी.

मी करायला घेतलं होतं मराठी आरमारातलं गलबत. प्रमाण एकास अठ्ठेचाळीस, म्हणजे खऱ्या जहाजाचा एक फूट तो आपला पाव इंच. आता गणित बघा. खऱ्या खिळ्याचं डोकं अर्धा इंच धरलं, तर प्रतिकृतीत ते होतं पाव मिलिमीटर. साधी टाचणी ठोकली तर त्या प्रमाणात गलबताच्या अंगावर पाटे-वरवंटे ठोकल्यासारखं दिसतं. नजरेला फसवायचं तर खिळाही खरा हवा.

लहान खिळ्यांना आपल्याकडे चुका म्हणतात. बँकेतल्या माणसाने भर बाजारात "बारीकशा चुका द्या हो" म्हणणं किती अवघड, ते ज्याचं त्याला कळतं. दुकानदाराने विचारलं, "किती किलो?" मी मनातल्या मनात हिशेब केला. ०.३ मिलिमीटर जाडीचा, ४ मिलिमीटर लांबीचा पितळी खिळा घेतला, तर किलोत चार लाखांवर बसतात. बी.कॉम. असं कधी कधी कामाला येतं. घड्याळजीकडे स्क्रू होते, पण प्रत्येकाच्या डोक्यावर खाच. गलबताला हवा खिळा, स्क्रू नव्हे, म्हणून तेही बाद. मग गेलो लूमच्या जॉबरकडे. त्याने भिंगातून माझं चित्र पाहिलं आणि म्हणाला, "साहब, ये खिळा नहीं, मच्छर का दात है!"

गंमत अशी, की ज्या गावात मला खिळा मिळेना, तिथेच मराठ्यांच्या जहाजांचा श्रीगणेशा झाला. १६५७ च्या ऑक्टोबरात कल्याण आणि भिवंडी शिवाजी महाराजांच्या हाती आली, आणि या खाडीवर जहाजं बांधायला सुरुवात झाली. कामावर होते रुई लैताव व्हिएगस नावाचे पोर्तुगीज कारागीर. शेजारी आरमार उभं राहतंय म्हटल्यावर वसईकर पोर्तुगीजांच्या पोटात गोळा आला. १६५९ मध्ये त्यांनी या मंडळींना फितवलं आणि व्हिएगस महाशय काम टाकून गुपचूप पसार झाले. कारागीर गेले, पण काम काही थांबलं नाही. हातोडा आपल्याच माणसांच्या हातात आला. व्हिएगसांचं नाव कागदोपत्री राहिलं. त्यांच्यानंतर खिळे कोणी ठोकले, ते मात्र कोणी लिहून ठेवलं नाही.

खिळा ही चेष्टेची गोष्ट नाही, हे इंग्रजांना पैसे मोजून कळलं. लाकडाला कीड लागू नये म्हणून १७६१ मध्ये त्यांनी ‘अलार्म’ या फ्रिगेटच्या बुडाला तांब्याचा पत्रा मारला, पण लोखंडी खिळ्यांनी. समुद्राच्या पाण्यात तांबं आणि लोखंड एकमेकांना भिडले, की सासू-सुनेसारखं होतं. एक टिकते, दुसरी झिजते. दोन वर्षांत खिळे खाऊन गेले. शिवाय ओकच्या लाकडातलं आम्लही लोखंडाला कुरतडतं. आपल्या सागवानाच्या अंगात तेल, त्यामुळे लोखंड सुखात राहतं. जमशेटजी बमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ १८१७ मध्ये पाण्यात उतरलं, ते इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगतंय.

आमच्या गलबतांचं नशीब तेवढं थोर नव्हतं. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली आंग्र्यांचं आरमार जळालं. लाकूड गेलं, शिडं गेली. राखेतून उरले असतील तर खिळेच. पण ते दाखवायला आज माझ्यासमोर कोणी येत नाही. म्हणजे गलबताला खिळा कसा, किती, कुठे, याचं व्हाउचरच नाही. आणि व्हाउचर नसताना नोंद घालायची नाही, हे आमच्या हाडीमाशी खिळलेलं.

एक व्हाउचर मात्र सापडलं. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने लिहून ठेवलंय, की मोठ्यात मोठं गलबत क्वचितच ७० टनांवर जाई आणि वजन हलकं राहावं म्हणून काही गलबतांचा डेक चिरलेल्या बांबूचा असे. बांबू! मी धावत आमच्या आळीतल्या सोनाराकडे गेलो. तार बारीक करायला तो तिला जंतराच्या भोकांतून ओढतो. म्हटलं, तशीच बांबूची काडी ओढून बघा. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग काडीकडे, आणि म्हणाला, "काका, सोन्याची घट धरतो मी. बांबूची कशी धरू?" पण ओढून दिली. माझ्या गलबताला डेक मिळाला.

कोणी सुचवलं, खिळे टाळायचेच असतील तर ‘कौंडिण्य’ कर. अजिंठ्याच्या चित्रावरून गोव्यात बांधलेलं, फळ्या काथ्याने शिवलेलं हे जहाज २०२५ मध्ये नौदलात दाखलही झालं. सल्ला सोयीचा होता. पण सोयीसाठी जहाज बदलायचं, तर मग इतिहास कशाला, कर्जप्रकरणच करावं.

तेव्हा गलबताच्या बाजूच्या फळ्या मी कोऱ्या ठेवल्या आहेत. एकही खोटा खिळा नाही. येणारे-जाणारे विचारतात, "खिळे राहिले का हो?" मी खालच्या पाटीकडे बोट दाखवतो. बँकेत ज्या रकमेचा धनी सापडत नाही, ती जिथे ठेवतात, तिथेच मी ते जमा केले आहेत. पाटीवर लिहिलंय, "खिळे : सस्पेन्स खात्यात. ठोकणाऱ्यांची नावं मिळाल्यावर वर्ग करण्यात येतील."