घटसर्प, फऱ्या, काळपुळी : एका काचपट्टीचा इतिहास

संध्याकाळी चरून आलेला बैल सकाळी गोठ्यात मरून पडलेला दिसावा, हा परभणीकडच्या कुणब्याच्या संसारावरचा मोठा घाला. गळा सुजून श्वास कोंडला तर घटसर्प, फऱ्यावर दाबताच चरचरणारी सूज आली तर फऱ्या, नाकातोंडातून न गोठणारे काळे रक्त वाहिले तर काळपुळी. ही नावे प्रयोगशाळेच्या आधीची. निरीक्षण म्हणून चोख. पण लक्षणे दिसण्यापूर्वीच जनावर दगावले, तर नाव कशावरून ठेवायचे?

या प्रश्नाचे उत्तर शोधणारी देशातील पहिली संस्था महाराष्ट्रातच जन्मली. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. प्रमुख होते आल्फ्रेड लिंगार्ड. परंतु दाट वस्तीत घातक जंतू हाताळणे धोक्याचे ठरले आणि १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वरला हलली. १८९७ साली रॉबर्ट कॉख तेथे येऊन गेले. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात. हिमालयातील ही प्रयोगशाळा तेथील शेतकऱ्याला चंद्राइतकीच जवळ!

जंतू ओळखण्याची युक्ती मात्र साधी होती. घटसर्पाच्या जंतूची दोन्ही टोके रंग धरतात, मधला भाग फिका राहतो. काळपुळीचे जंतू बांबूच्या पेरांसारखे साखळीने दिसतात. जुन्या, मुरलेल्या मेथिलिन ब्ल्यूने रंगवल्यास त्यांच्याभोवती गुलाबी वलय उमटते. १९०३ साली जॉन मॅकफॅडियन यांनी दाखवलेली ही खूण आजही वापरात आहे.

काळपुळीच्या संशयात शव फाडत नाहीत, कारण हवा लागताच जंतू बीजाणू धरतो आणि मातीत दशकानुदशके जगतो. म्हणून कानाच्या शिरेतील थेंबभर रक्त काचपट्टीवर घेतात. येथे एक कटू गोष्ट नोंदवायला हवी. मेलेले ढोर ओढून त्याची कातडी सोलण्याचे काम जातीने ज्यांच्या माथी मारले होते, त्यांच्याच हातांना हा जंतू प्रथम भिडे. १९२७ साली महाडच्या परिषदेतून डॉ. आंबेडकरांनी मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडण्याचे आवाहन केले. तो लढा मानासाठी होता. पण त्या कामात जिवाची जोखीमही होतीच.

हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, १९६० मध्ये महाराष्ट्र घडला, तरी मराठवाड्याला पशुवैद्यक महाविद्यालय मिळायला १९७२ उजाडले. तेच भीषण दुष्काळाचे वर्ष. चाऱ्यावाचून दावणी रिकाम्या होत होत्या. मराठवाडा कृषी विद्यापीठासोबत परभणीत उभे राहिलेले हे महाविद्यालय २००० साली नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे गेले.

बुरशीचा तपास अधिक संथ असतो. गजकर्णाची खरवड क्षारात विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते, पण बुरशी वाढवून नाव निश्चित करायला कधी तीन-चार आठवडे जातात. भिजलेल्या कडब्यावरील बुरशी गाभण गाईचा गर्भही पाडू शकते. तेव्हा जिवाणूजन्य सांसर्गिक गर्भपाताची तपासणीही करावीच लागते.

घटसर्पाने मेलेले जनावर सडू लागले असेल, तर पायाचे नळीचे हाड प्रयोगशाळेत पाठवतात. मांस कुजले तरी मज्जेतला जंतू काही काळ शाबूत राहतो.