शिवकालीन पागा व दारूखाना यांतील अग्निनिवारण

चिपळूणनजीक छावणीस असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकून यांस शिवछत्रपतींनीं इ. स. १६७४ च्या सुमारास लिहिलेलें पत्र इतिहासभक्तांच्या परिचयाचें आहे. रयतेस उपद्रव देऊं नये या आज्ञेकरितां तें वारंवार उद्धृत होतें, व तें योग्यच आहे. परंतु त्यांतील आगीविषयींच्या भागाकडे जावें तसें लक्ष गेलेलें दिसत नाहीं.

पावसाळ्याच्या बेगमीचें गवत पागेंत रचलेलें होतें. तें जळालें तर घोडीं उपाशीं मरणार. म्हणून महाराज आगीच्या एकेक वाटा मोजतात : भलत्याच जागीं मांडलेली चूल, आगटी, तंबाखूसाठीं नेलेला विस्तव, आणि रात्रीं दिव्याची वात पळविणारा उंदीर! राज्यकर्त्याची दृष्टि उंदरापर्यंत पोंचावी, हें थोडें नव्हे.

पुढील मुद्दा याहून महत्त्वाचा. आग लागल्यावर कुणब्यांच्या माना मारल्या किंवा कारकुनांस ताकीद केली, तरी खण उभारावयास एक लांकूडही मिळणार नाहीं, असें पत्रांत स्वच्छ म्हटलें आहे. अर्थात् मागाहून केलेलें शासन हा उपाय नव्हे. खाशा मंडळींनीं स्वतः हमेशा फिरून पाहणी करावी, हा उपाय. जबाबदारी कनिष्ठांवर न ढकलतां वरिष्ठांवर ठेविली आहे. (घरीं पाण्याचे घट, शिडी, कुऱ्हाड न ठेवणाऱ्यास कौटिल्यानें दंड सांगितला आहे; तोही आग लागल्याचा नव्हे, सामग्री नसल्याचा.)

हीच दृष्टि रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत (इ. स. १७१५-१६) नियमरूप पावली. दारूखाना घराजवळ वा घराच्या वाऱ्याखालीं नसावा. चुलीची ठिणगी तेथवर येऊं नये, हा हेतु उघड आहे. भोंवतीं निर्गुडी आदि झाडांचें दाट कुंपण असावें. हवालदारानें आठपंधरा दिवसांनीं समक्ष येऊन दारू बाहेर काढवावी, ऊन देऊन पुनः मुद्रा करावी. परवानगीवांचून आसपास मनुष्य येऊं देऊं नये.

गडकोटांबरोबर हे नियम कालबाह्य झाले, असें कोणी म्हणेल. परंतु १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत फोर्ट स्टिकिन या जहाजाचा स्फोट झाला, तेव्हां कापसाच्या गासड्या आणि स्फोटक द्रव्यें त्या एकाच जहाजांत भरलेलीं होतीं. दुपारीं धूर दिसला. चारच्या सुमारास स्फोट झाला. शेंकडों माणसें मेलीं. त्यांत आग विझविण्यास गेलेले अग्निशामक दलाचे ६६ जवान होते.