अजिंठ्याचं कमळ आपल्या परातीत

आम्ही दहिसरच्या बचत गटाच्या बायका. हळदीकुंकू, बारसं, शाळेचा कार्यक्रम असला की आम्ही फुलांची सजावट करून देतो. आज एका जुन्या चित्राविषयी आणि त्यावरून केलेल्या सजावटीविषयी बोलू.

आमची दहिसर नदी येते राष्ट्रीय उद्यानातल्या तुळशी तलावाकडून. त्याच डोंगरात कान्हेरीची बौद्ध लेणी आहेत. तिथे रंगाच्या खुणा थोड्याच उरल्यात. पण अजिंठ्याच्या लेण्यांत अशी चित्रं अजून पाहायला मिळतात. तिथल्या १ क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणी आहे. हातात कमळ, डोक्यावर मुकुट, गळ्यात मोती आणि नजर खाली झुकलेली. वाकाटकांच्या काळातलं, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचं हे चित्र.

आता ती भिंत कशी केली ते ऐका. खडकावर माती, भाताचा तूस आणि गवत कालवून लिंपण दिलं, वर पांढरा पातळ हात फिरवला. म्हणजे आपण घराची भिंत लिंपतो, जवळपास तसंच! तांबडा रंग गेरूचा, पिवळा पिवळ्या मातीचा, काळा काजळीचा. फक्त निळा रंग दूर अफगाणिस्तानातल्या दगडाचा.

पुढे लेणी विस्मरणात गेली. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने ती पाहिली आणि जगाला कळली. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी तिथे जाऊन नकला काढत होते. त्यातल्या कितीतरी नकला १८८५ साली लंडनच्या आगीत जळाल्या. मातीवरचं मूळ चित्र मात्र टिकलं.

यावरून आम्ही सजावट बसवली. मातीच्या पसरट भांड्याला बाहेरून गेरू लावला, आत पाणी भरलं. चित्रातल्या गर्द झाडीसाठी मागे आंब्याच्या डहाळ्या, मोत्यांसाठी मोगऱ्याच्या कळ्यांचा सर, निळ्यासाठी थोडी गोकर्णाची फुलं. मधे एकच निळी वॉटर लिली, जरा कललेली. एकच, कारण पद्मपाणीच्या हातातलं कमळ गर्दीत हरवत नाही. ही लिली सकाळी उमलते आणि दुपारनंतर मिटते, म्हणून सजावट सकाळच्या कार्यक्रमालाच द्यावी.

गिऱ्हाईक म्हणतं, प्लास्टिकची फुलं स्वस्त, पुन्हापुन्हा वापरता येतात. किमतीत आपण त्यांच्याशी जिंकणार नाही. पण भांड्याशेजारी चार ओळींत ही हकिगत लिहून ठेवली, तर लोक थांबून वाचतात, विचारतात.

आणि बिल करताना फुलांची किंमत वेगळी लिहा, हाताची मजुरी वेगळी. खाली गटाचं नाव आणि करणारीचं नावही लिहा. पद्मपाणी कोणी रंगवला, त्याचं नाव कुठे नोंदलेलं नाही. आपलं नाव तरी बिलावर असू दे.