शिवराई होन दुर्मीळ का?

शिवराई होन सोन्याचा, शिवराई पैसा तांब्याचा. दोन्हींवरचा मजकूर एकच: पुढच्या बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, मागे दोन ओळींत ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांचे वर्तुळ. तरीही तांब्याची शिवराई जुन्या बाजारात आजही हाताला लागते, आणि होन मात्र बहुतेकांना फार तर संग्रहालयाच्या काचेआड दिसतो. नाणे जुने म्हणजे मोलाचे, ही समजूत या जोडीपुढे टिकत नाही.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला आणि छत्रपती या पदवीसह शिवाजी महाराजांची नाणी पाडली गेली. होनाचे वजन जेमतेम पावणेतीन ग्रॅम. पण दक्षिणेत होनांचा तुटवडा नव्हताच. सभासदाच्या बखरीत खजिन्यातील होनांची लांबलचक यादी आहे. तीत पादशाही, अच्युतराई, देवराई असे परक्या राजवटींचे होनही आहेत. लोक ठसा नव्हे, कस आणि वजन पाहून नाणे घेत. राज्याभिषेकाच्या वेळी आलेल्या इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेनने इंग्रजांची नाणी राज्यात चालावीत अशी मागणी केली, तेव्हा उत्तर मिळाले की बंदी नाही, पण तोट्याचे नाणे घेण्याची सक्ती रयतेवर करता येणार नाही. अशा व्यवहारात स्वतःच्या नावाचा होन मोठ्या संख्येने पाडण्याची निकड नव्हती.

जे पाडले गेले त्यांतलेही थोडेच उरले. सोन्याचे नाणे सराफाच्या मुशीत जायला वेळ लागत नाही. त्यातून पुतळी, टिका, पाटली काहीही घडते. तांबे वितळवून हाती फारसे काही लागत नसल्याने शिवराया गाडग्यांत, देव्हाऱ्यांत पडून राहिल्या.

शिवराईच्या विपुलतेला आणखी एक कारण आहे, आणि ते अधिक रंजक आहे. महाराजांच्या पश्चातही शिवाचेच नाव ठशावर राहिले. पेशवाईभर, पुढे इंग्रजी अमलाच्या सुरुवातीपर्यंत वेगवेगळ्या टाकसाळींतून ती निघत राहिली. त्यामुळे हाती येणारी बहुतेक शिवराई महाराजांच्या हयातीतली नसते. ‘शिव’चे कुठे ‘शीव’, कुठे ‘सिव’ होते. अक्षरे ढोबळ होत जातात, दुदांडी शिवराईत तर दोन ओळींमध्ये आडवे दांडे येतात. संग्राहकांची चुरस या फरकांवरच चालते. उलट ‘श्री राजा शंभु’ असा मजकूर असलेले तांब्याचे नाणे मोजकेच सापडते.

ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असल्याने कुठे ‘श्री’ कापली जाते, कुठे ठिपके अर्धेच उमटतात. संपूर्ण वर्तुळ आणि सर्व अक्षरे एकाच चकतीवर बसलेली शिवराई म्हणूनच साध्या नाण्याच्या कितीतरी पट किमतीला जाते.

होनाच्या मागणीमुळे बनावट होनही पुष्कळ. अस्सल नाणे हातोड्याच्या घावाने पाडलेले असते, त्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार दिसतात. साच्यात ओतलेल्या नकलेत त्या बोथट होतात, पृष्ठभागावर बारीक छिद्रे पडतात आणि कडेला सांध्याची पुसट रेघ राहते.