नादाने घडलेले गर्भदर्शन

बिदर येथील झरणी नृसिंहाचे दर्शन ज्यांनी घेतले आहे, त्यांस छातीइतक्या पाण्यातून अंधाऱ्या भुयाराच्या टोकापर्यंत कसे जावे लागते हे सांगावयास नको. मातेच्या उदरातील जीवही असाच जलात व अंधारात वसतो. त्यास पाहण्याचे साधन मनुष्यास लाभले ते प्रकाशातून नव्हे, ध्वनीतून.

१८९५ साली राँटजेन यांनी क्ष-किरण शोधले व जिवंत माणसाची हाडे दिसू लागली. परंतु गर्भास ते किरण अपाय करू शकतात. पुढे ग्लासगो येथील डॉ. इयन डोनाल्ड यांनी, कारखान्यात धातूतील चिरा शोधण्यासाठी वापरीत ते ध्वनियंत्र रुग्णांच्या उदरावर लावून पाहिले. कानास ऐकू न येणाऱ्या या लहरी अवयवांवर आदळून परततात. परतण्यास लागलेल्या वेळावरून अंतर कळते व अशा असंख्य अंतरांतून चित्र उमटते. असाध्य कर्करोग समजल्या गेलेल्या एका स्त्रीच्या पोटात वस्तुतः काढून टाकता येण्याजोगी गाठ आहे, हे या यंत्राने दाखविले. १९५८ मध्ये त्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. आडवे मूल, जुळे, खाली सरकलेली वार हे सारे प्रसूतीपूर्वीच कळू लागले.

याच यंत्राने मुलगी ओळखून तिला जन्मापूर्वीच नाकारण्याची वाटही मोकळी केली. गर्भजल-तपासणीचा तसा दुरुपयोग चालू होताच. महाराष्ट्राने १९८८ साली त्याविरुद्ध कायदा केला. देशात तो पहिलाच. पण त्याची हद्द राज्यापुरती. १९५६ च्या पुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी-औरादकडील मुलूख आणि गुलबर्ग्याचे आळंद म्हैसूर राज्यात राहिले. त्यामुळे १९८८ साली उदगिरास जो अपराध ठरला, तो औरादेस ठरला नाही. बोली एक, सोयरीक एक, तुळजापूरची देवीही एकच. लेकीचे संरक्षण तेवढे सीमेवर थांबले! केंद्राचा १९९४ चा कायदा १ जानेवारी १९९६ रोजी अमलात येईपर्यंत हे असेच चालले.

२००३ च्या दुरुस्तीने सोनोग्राफी केंद्रे स्पष्टपणे कायद्याच्या कक्षेत आली. येथे गर्भलिंग सांगितले जात नाही, अशी पाटी केंद्रात इंग्रजी व स्थानिक भाषेत लावणे बंधनकारक आहे. भालकी, औराद, आळंद येथे ती कन्नडाबरोबर मराठीतही असावी, एवढे आमचे मागणे आहे.