मान व खांदेदुखीवरील हस्तोपचार

मान आणि खांद्याचे दुखणे हातांनी चोळून, मळून, दाबून, ताणून किंवा सांधे हलवून कमी करण्याच्या पद्धतींना हस्तोपचार म्हणतात. तेलाचे मालिश, आयुर्वेदातील अभ्यंग, न्हाव्याची चंपी, फिजिओथेरपीतील सांधेचालन, ऑस्टिओपॅथी, कायरोप्रॅक्टिक आणि जपानमधील शिआत्सु या सगळ्यांचा त्यांत समावेश होतो. या परंपरांची तत्त्वे एकमेकींशी जुळत नाहीत; पण हात बहुधा त्याच चार-सहा स्नायूंवर पडतात.

प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते पाच किलो असते. मानेचे सात मणके आणि त्यांना धरून ठेवणारे स्नायू ते पेलतात. मान पुढे झुकली की हा भार मागच्या स्नायूंवर येतो. त्यांतला सर्वांत मोठा समलंब स्नायू कवटीच्या मागच्या कडेपासून मानेवरून उतरत खांद्याच्या टोकापर्यंत आणि खाली पाठीच्या मध्यापलीकडे पसरलेला असतो. त्याच्या आड एक अरुंद स्नायू मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून निघून खवाट्याच्या आतल्या वरच्या कोपऱ्याला चिकटतो. शिवणयंत्रावर, संगणकापुढे किंवा मोबाईलमध्ये तासन्‌तास मान घालून बसणाऱ्याच्या या कोपऱ्यावर अंगठा टेकवला, की ‘हां, इथेच’ असे तो आपणहून सांगतो.

बहुतेकांची मानदुखी या स्नायूंची आणि मणक्यांमधील लहान सांध्यांची असते. तिच्यामागे गंभीर आजार नसतो आणि ती काही आठवड्यांत ओसरते. एक्स-रेमध्ये मणक्यांची झीज दिसली की ‘स्पॉन्डिलोसिस’ हे नाव रुग्णाला कायमचे चिकटते. वास्तविक चाळिशीनंतर अशी झीज काहीही न दुखणाऱ्यांमध्येही सर्रास दिसते, त्यामुळे उपचार चित्रावरून नव्हे, लक्षणांवरून ठरवावा लागतो.

भारतात या उपचारांची परंपरा फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दिनचर्येचा भाग म्हणून अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळणे, सांगितला आहे. मान आखडण्याला आयुर्वेदात मन्यास्तंभ आणि खांदा आखडण्याला अवबाहुक म्हणतात. दोन्हींची गणना वातव्याधींत होते. मानेच्या मागे उडदाच्या पिठाचे कडे बसवून त्यात कोमट औषधी तेल धरून ठेवण्याची ग्रीवाबस्तीही प्रचलित आहे. हे उपचार सरसकट कोणालाही करावेत असे जुन्या ग्रंथांचे म्हणणे नाही. अजीर्ण झालेल्याला, कफाने ग्रासलेल्याला आणि नुकतेच शोधन (शरीरशुद्धीचे उपचार) घेतलेल्याला वाग्भटाने अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे. सुश्रुताने मोजलेल्या शरीरातील १०७ मर्मांपैकी, म्हणजे इजा झाल्यास धोक्याच्या ठरणाऱ्या जागांपैकी, ३७ मर्मे मान आणि डोके या भागात आहेत. मान हा जपून हाताळण्याचा भाग आहे, ही जाण तेव्हापासूनची आहे. महाराष्ट्रात ही विद्या ग्रंथांपेक्षा हातांतून अधिक टिकली. कोल्हापूरच्या तालमींत मेहनतीनंतर मल्ल एकमेकांचे खांदे रगडून काढतात, तर केस कापून झाल्यावर डोके व मान चोळून देणे हा न्हाव्याच्या कामाचाच भाग मानला जातो.

युरोपात पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे व्यायामशिक्षणाची संस्था काढली. आज ‘स्वीडिश मसाज’ नावाने जे चालते त्याचे जनकत्व त्यांना दिले जाते. परंतु त्यातील हातांच्या क्रियांची मांडणी प्रामुख्याने योहान गेओर्ग मेत्सगर या डच डॉक्टरांची आहे. १८९४ मध्ये लंडनमधील चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालिशकर्त्यांची संघटना स्थापन केली आणि तिच्यातूनच ब्रिटनमधील फिजिओथेरपीचा व्यवसाय उभा राहिला. अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी ऑस्टिओपॅथी आणि १८९५ मध्ये डॅनियल डेव्हिड पामर यांनी कायरोप्रॅक्टिक सुरू केली. मणका जागेवरून सरकल्यामुळे जवळजवळ सर्व रोग होतात, ही पामर यांची कल्पना पुढे टिकली नाही. भारतात फिजिओथेरपीच्या शिक्षणाची सुरुवात पोलिओच्या साथीनंतर, १९५०च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाली.

मालिशच्या मूळ क्रिया चार : तळहाताने सरकते लांब हात मारणे, स्नायू पकडून मळणे, बोटांच्या टोकांनी एका जागी घासणे आणि थापट्या मारणे. मानेवर थापट्यांना फारसे स्थान नाही. उपयोगी पडते ते मळणे. रुग्णाला पालथे झोपवून किंवा टेबलावर कपाळ टेकवून बसवतात, म्हणजे डोक्याचा भार उतरून स्नायू सैल पडतो. मग मान आणि खांदा यांमधली मांसल कड अंगठा आणि चार बोटांच्या चिमटीत धरून हळूहळू उचलतात, पिळतात आणि सोडतात. तेलामुळे हात सरकतो आणि कातडी ओढली जात नाही. ते स्नायूपर्यंत मुरते हा समज मात्र खरा नाही.

ताणलेल्या स्नायूत बोटाला वाटाण्याएवढी कठीण गाठ लागते आणि ती दाबली की दुखणे दूर कुठेतरी उमटते. समलंब स्नायूच्या वरच्या कडेवरची गाठ दाबल्यावर कानामागून कानशिलापर्यंत कळ जाते, आणि पुष्कळांची डोकेदुखी तिथूनच येते. या वेदनाबिंदूंचे नकाशे अमेरिकन डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी तयार केले. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या त्या व्यक्तिगत डॉक्टर होत्या. डेव्हिड सिमन्स यांच्यासह लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९८३ मध्ये निघाला. उपचारात गाठीवर सोसवेल इतका दाब अर्धा ते एक मिनिट स्थिर ठेवतात, कळ ओसरली की स्नायू ताणतात. गाठ नेमकी कशाची बनते याविषयी आजही मतभेद आहेत, पण तपासणाऱ्याला ती बोटाखाली जाणवते आणि रुग्णाला दाबाने उतार पडतो, हे रोजचे आहे.

सांधेचालनात फिजिओथेरपिस्ट मणक्याच्या मागच्या टोकावर अंगठे ठेवून लयीत हलके दाब देतो. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांनी या हालचालींच्या चार पायऱ्या ठरवून दिल्या. दुखरा सांधा पहिल्या दोन पायऱ्यांत हाताळतात, आखडलेला पुढच्या दोन पायऱ्यांत. झटका देऊन सांधा ‘मोकळा करणे’ हा याहून वेगळा प्रकार आहे. तेव्हा होणारा कट्‌ आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातील द्रवात दाब एकाएकी घटून पोकळी निर्माण झाल्याचा तो असतो.

खांद्याचे गणित निराळे आहे. खांदा आखडतो तेव्हा सांध्याभोवतीचे आवरण जाड आणि आकुंचित झालेले असते. वेणी घालता येत नाही, मागच्या खिशात हात जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. मधुमेहींमध्ये हा विकार बराच अधिक आढळतो. नुसत्या तेलमालिशीने आवरण सैल होत नाही. दंडाच्या हाडाचा गोल खोबणीत हळूवार सरकवण्याची चालने आणि रोजचा व्यायाम हेच त्यावर लागू पडते. सुरुवातीच्या ठणक्याच्या काळात ‘दुखले तरी ओढा’ म्हणून हात जोराने वर ढकलणे घातक ठरते, सूज आणि वेदना वाढतात.

मालिशने साठलेले लॅक्टिक आम्ल निघून जाते हे स्पष्टीकरण लोकप्रिय असले तरी खरे नाही. व्यायामानंतर तासाभरात ते शरीरातून आपोआप कमी होते. रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेला ‘द्वार-नियंत्रण’ सिद्धांत अधिक उपयोगी आहे. स्पर्श व दाबाच्या संवेदना मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवतात, असे तो सांगतो. ठेच लागल्यावर आपण बोट चोळतो ते याचमुळे. उबेमुळे, स्वस्थ पडून राहण्याने आणि कोणीतरी आपले दुखणे मन लावून तपासते आहे या दिलाशानेही स्नायूंचा ताण उतरतो.

हा आराम खरा असला, तरी तो अल्पकाळाचा असतो. २०२४ मध्ये अद्ययावत झालेल्या कोक्रेन समीक्षेत मानदुखीवर मालिश आणि फसवा उपचार (प्लासिबो) यांच्यात बारा आठवड्यांपर्यंत फारसा फरक आढळला नाही. मात्रेचाही प्रश्न आहे. जुनाट मानदुखीच्या २२८ रुग्णांवरील, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत अर्ध्या तासाच्या मालिशचा उपयोग दिसला नाही, तासाभराच्या मालिशचा मात्र, ते आठवड्यातून दोन-तीनदा दिल्यावर, दिसला. दुखणे हलके झालेल्या तासांत मान व खांद्याचे व्यायाम करून घेतले तर हस्तोपचार सार्थकी लागतो. केवळ मालिशवर वर्षानुवर्षे विसंबणारा रुग्ण होता तिथेच राहतो.

मान पिळण्याचा धोका मात्र थेट जीवाशी आहे. सलूनमध्ये मालिश संपताना हनुवटी व डोके धरून मान दोन्हीकडे कडकड मोडण्याची पद्धत सर्रास आहे. मानेच्या मणक्यांतील छिद्रांमधून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या त्या झटक्याने आतून फाटू शकतात आणि गुठळी होऊन पक्षाघात येऊ शकतो. असे रुग्ण क्वचित आढळतात. पण मानेला झटका देऊन जे साधायचे ते हलक्या चालनाने आणि व्यायामानेही साधत असल्याने हा धोका पत्करण्याचे कारण नाही. न्हाव्याला ‘मान मोडू नका’ असे आधीच सांगावे. हाडे ठिसूळ असलेल्यांनी, आमवाताच्या रुग्णांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी मानेवर जोराचा कोणताही उपचार घेऊ नये.

अपघातानंतरची मानदुखी, तापासह मान ताठणे, हातातली ताकद जाणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, किंवा छातीत दडपण व घाम येऊन डावा खांदा दुखणे, यांपैकी काहीही असेल तर मालिश न करता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.