दारूचे माप : कंधार, औसा व उदगीर किल्ल्यांच्या संदर्भात तोफेच्या भरणीचा ऐतिहासिक अभ्यास

१. प्रस्तावना

नांदेड जिल्ह्यातील कंधार आणि लातूर जिल्ह्यातील औसा व उदगीर हे मराठवाड्याच्या मध्ययुगीन इतिहासातील महत्त्वाचे भुईकोट किल्ले होत. डोंगराचे नैसर्गिक संरक्षण नसल्यामुळे खंदक, तटबंदी आणि बुरुजांवरील तोफा यांवरच त्यांची भिस्त होती. १६३१ मध्ये मोगल सरदार नसीरीखानाने कंधारला वेढा घालून तो किल्ला घेतला. विंडसर येथील ‘पादशाहनामा’च्या सचित्र हस्तलिखितात या वेढ्याचे चित्र आहे. १६३६ मध्ये खानदौरानने उदगीर व औसा हे किल्ले मोगलांच्या ताब्यात आणले.

या किल्ल्यांविषयीचे लेखन प्रामुख्याने राजवटी, वेढे आणि वास्तुरचना यांभोवती फिरते. तोफांचे वर्णन आले तरी ते लांबी, धातू व कोरीव लेख यांपुरते मर्यादित राहते. तोफेत किती दारू भरली जात असे आणि प्रत्येक बाराला ते प्रमाण सारखे कसे राखले जाई, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वस्तुतः तोफेची परिणामकारकता आणि गोलंदाजाचा जीव या दोन्ही गोष्टी याच प्रश्नावर अवलंबून होत्या.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

दारूचे प्रमाण एकसारखे राखण्यातील अडचणी स्पष्ट करणे, त्यावर योजलेल्या उपायांचा मागोवा घेणे आणि मराठवाड्यातील किल्ल्यांच्या अभ्यासाला त्यातून कोणती दिशा मिळते हे पाहणे, ही या निबंधाची उद्दिष्टे आहेत. त्यासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

३. मापाची अडचण

सोरा, गंधक व कोळसा यांच्या मिश्रणातून बनणारी दारू रणांगणावर तराजूने तोलणे शक्य नव्हते. त्यामुळे ती मापाने, म्हणजे आकारमानाने भरली जाई. तोफेसाठी लांब दांड्याचा तांब्याचा पळा आणि बंदुकीसाठी शिंगातून ओतून भरायचे लहान माप, ही त्याची साधने होत. तांब्याची ठिणगी उडत नाही, हे त्या धातूच्या निवडीमागील कारण होते.

आकारमानाच्या मापातील दोष धान्याचा व्यवहार करणाऱ्यास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. मापटे शीग लावून भरले की सपाट केले, हलवून भरले की अलगद ओतले, यावर ज्वारीचे वजन बदलते. दारूचेही तसेच होते. दाणा बारीक-मोठा असला, दारू दबून बसली किंवा तिला दमट हवा लागली, तर माप तेच राहूनही बाराचा जोर बदलतो. भुकटीच्या स्वरूपातील दारूत आणखी एक दोष होता. वाहतुकीत हादरे बसून तिचे घटक वेगळे होत. दारू ओलसर करून तिचे दाणे पाडण्याची रीत युरोपात पंधराव्या शतकात सुरू झाली, तेव्हा हा दोष बराच दूर झाला.

या फरकाचा परिणाम किती होतो? तोफेचा कोन तोच ठेवला आणि हवेचा रोध तूर्त बाजूला ठेवला, तर गोळ्याचा पल्ला ढोबळमानाने दारूच्या प्रमाणात बदलतो. दारू एक दशांश कमी पडली तर ५०० पावलांवर पडणारा गोळा सुमारे ५० पावले अलीकडे पडेल. खंदकापलीकडील मोर्चा उद्ध्वस्त करायचा असेल तर एवढी चूक बार फुकट घालविण्यास पुरेशी आहे. उलट दारू जास्त झाली आणि तोफेच्या ओतीव कामात दोष असला, तर तोफ फुटून जवळचेच लोक मरत.

किल्ल्यावर ही अडचण अधिक बिकट होई. तेथील तोफा वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कारागिरांनी घडविलेल्या असत. तोफेच्या तोंडाचा व्यास दुप्पट झाला की त्याच धातूच्या गोळ्याचे वजन आठपट होते. म्हणून एका तोफेचे माप दुसरीला चालत नसे. प्रत्येक तोफेचे माप हे तिच्या गोलंदाजाचे अनुभवसिद्ध ज्ञान होते. तो मेला किंवा चाकरी सोडून गेला, तर तोफ जागेवर राही. पण ते ज्ञान तेथे राहीलच असे नव्हते.

४. दारूखान्याची शिस्त

माप अचूक असूनही दारू दमट असेल तर ते व्यर्थ ठरते. याची जाणीव मराठी राज्यकर्त्यांना होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तील दुर्गप्रकरणात दारूखान्याविषयी सविस्तर सूचना आहेत. दारूखाना वस्तीपासून दूर असावा, दारू जमिनीवर न ठेवता माच घालून त्यावर ठेवावी, दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने ती बाहेर काढून तिला ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी, असा त्यांचा आशय आहे. हा ग्रंथ अठराव्या शतकाच्या प्रारंभीचा असून त्यातील विवेचन मुख्यतः सह्याद्रीतील गडांना अनुसरून आहे. तथापि, पाण्याने भरलेल्या खंदकाने वेढलेल्या भुईकोटालाही ही काळजी तितकीच लागू होती. या सूचनांकडे केवळ आगीपासूनच्या सुरक्षिततेचे नियम म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते, बाराचा जोर कायम राखण्याची ही एक व्यवस्थाही होती.

५. मोजून बांधलेला बार आणि उदगीरची लढाई

दारू ऐन वेळी मापण्याऐवजी ती आधीच सावकाश तोलून कागदात किंवा कापडी पिशवीत बांधून ठेवणे, हा या प्रश्नावरील मोठा उपाय होता. सतराव्या शतकात युरोपीय सैन्यांत त्याचा प्रसार झाला. मराठीतील ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे. फ्रान्सने १७३२ मध्ये तोफांची ठरावीक मापे निश्चित केली. त्यामुळे गोळा व दारू यांचे प्रमाणही प्रत्येक तोफेसाठी नव्याने शोधावे लागेना.

१७५१ मध्ये बुसी निजामाच्या दरबारी आला आणि १७५८ पर्यंत दख्खनमध्ये राहिला. त्याच्या कवायती परंपरेत तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे सदाशिवरावभाऊंच्या चाकरीत आला. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीर-औसा परिसरात निजामाच्या फौजेचा पराभव झाला. दौलताबादसह अनेक किल्ले व सुमारे ६० लाखांचा मुलूख मराठ्यांना मिळाला. या विजयात मराठी घोडदळाने केलेल्या कोंडीचा वाटा मोठा होता. इब्राहिमखानाच्या तोफांचाही उल्लेख आवर्जून केला जातो. परंतु कवायती तोफखान्याचे सामर्थ्य तोफांच्या संख्येत नसून एका बारासारखाच दुसरा बार होण्यात असते. जुने किल्ले व्यक्तीच्या अनुभवावर विसंबून होते, तर नवा तोफखाना नियमावर. हा फरक ज्या भूमीवर समोरासमोर आला, ती भूमी आजच्या लातूर जिल्ह्यातील आहे.

६. शास्त्र आणि यंत्र

१७४२ मध्ये बेंजामिन रॉबिन्स याने लंबकाच्या साहाय्याने गोळीचा वेग मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि दारूच्या प्रमाणाचा प्रश्न गणिताच्या कक्षेत आला. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला व १७५१ मध्ये फोर्ट सेंट डेव्हिड येथे मरण पावला. महाराष्ट्रात १८६९ मध्ये खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना स्थापन झाला आणि काडतुसे भरण्याचे काम यंत्रांच्या स्वाधीन झाले. आजही काही देशांतील नेमबाज वापरलेली काडतुसे हातयंत्रावर पुन्हा भरतात. त्या यंत्रातही दारू आकारमानानेच पडते. दांडा एका लयीत ओढणे आणि अधूनमधून एखादे माप तराजूवर तपासणे त्यांना चुकत नाही. साधने बदलली, मापट्याची अडचण तीच राहिली.

७. निष्कर्ष

(१) तोफखान्याचे सामर्थ्य तोफांच्या आकारापेक्षा दारूच्या एकसारख्या प्रमाणावर अधिक अवलंबून होते.
(२) ‘आज्ञापत्रा’तील दारूखान्याची व्यवस्था या दृष्टीनेही वाचली पाहिजे.
(३) उदगीरची लढाई ही अनुभवाधिष्ठित मापाकडून नियमबद्ध मापाकडे झालेल्या स्थित्यंतराच्या संदर्भात अभ्यासण्याजोगी आहे.

कंधार व औसा येथील तोफा ऊन-पावसात झिजत आहेत. प्रत्येक तोफेच्या तोंडाचा व्यास, नळीची खोली आणि कानाची जागा यांची नोंद वेळीच झाली, तर मोडी व फारसी कागदपत्रांतील दारूच्या वजनांशी ती ताडून पाहता येईल. गंज वाढत गेला की हे पुरावे नाहीसे होतील. किल्ले जिंकणाऱ्यांची नावे इतिहासाला ठाऊक आहेत. पळा सपाट करून दारू भरणाऱ्या गोलंदाजाचे कौशल्य मात्र या नळ्यांच्या मोजमापांतूनच हाती लागण्याची शक्यता आहे.